पात्र रेखाटण्यापूर्वी : विद्यार्थ्यांच्या ॲनिमेशनपटाविषयी काही विचार

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ॲनिमेशनपट निवडणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आपल्या विभागात दरवर्षी वाढत आहे. हा विषय मी बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. प्रकल्प जाहीर झाला की पहिल्या पंधरवड्यातच वह्या पात्रांनी भरून जातात. राजे, राक्षस, अंतराळवीर, बोलकी कुत्री, चष्मेवाल्या आजीबाई! कित्येक रेखाटने इतकी सुरेख असतात की ती चौकटीत घालून भिंतीवर लावावीत. आणि मार्च महिन्यात, मूल्यमापनाच्या दिवशी, पूर्ण झालेले चित्रपट मात्र मोजकेच हाती येतात. बाकीच्यांचे वीस-पंचवीस सेकंद, त्यातले काही रंगविलेले, काही पेन्सिलीतले, आणि पुढच्या भागासाठी "सर, येथे असे होणार होते" एवढे तोंडी निवेदन.

गुण कमी पडतात याचे मला फारसे वाईट वाटत नाही. एका मुलाने काहीतरी सांगावयास घेतले आणि ते सांगणे अर्ध्यावर तुटले, याचे वाटते. पुढे नोकरी लागते, ती फाईल कोठल्या तरी जुन्या डिस्कवर पडून राहते आणि ते सांगणे कायमचे राहून जाते.

याला कारण आळस असतो असे काहीजण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलांचेही चित्रपट अपुरे राहिलेले मी पाहिले आहेत. खरे कारण असे की पात्र एका टेबलावर जन्माला येते आणि वेळापत्रक दुसऱ्या टेबलावर. पात्र ही कलेची बाब आणि नियोजन ही कारकुनाची बाब, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ही दोन कामे नाहीतच. पात्राच्या सदऱ्याला किती गुंड्या असाव्यात हा जितका सौंदर्याचा प्रश्न आहे तितकाच दिवसांच्या हिशेबाचा आहे. प्रस्तुत लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे. पण ते उदाहरणांवाचून पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम हिशेबच करू. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी राहू दिले तरी डोळ्याला हालचाल सलग भासते, म्हणून सेकंदाला १२ चित्रे पुरतात. तीन मिनिटांचा चित्रपट म्हणजे १८० सेकंद, म्हणजे ४,३२० चौकटी, म्हणजे २,१६० चित्रे. हे झाले एक पात्र सतत हलते असे धरून. आता कच्चे रेखाटन, पक्की रेषा आणि रंग मिळून एका चित्राला १५ मिनिटे लागतात असे समजा. एकूण ५४० तास झाले. गटात चौघे असतील तर प्रत्येकी १३५ तास. इतर विषय, घर, लोकलचा किंवा एस.टी.चा प्रवास सांभाळून रोज तीन तास मिळाले तर ४५ दिवस. म्हणजे अशक्य काही नाही.

आता त्याच पात्राला उभ्या पट्ट्यांचा सदरा घाला. प्रत्येक पट्टा प्रत्येक चित्रात अंगाच्या वळणाप्रमाणे वळवावा लागतो. नाही वळविला तर पडद्यावर सदरा उकळत्या पाण्यासारखा खदखदतो. चित्राला १५ ऐवजी २५ मिनिटे लागू लागली. ४५ चे ७५ दिवस झाले. सदऱ्यावरच्या पट्ट्यांची किंमत ३० दिवस! त्या पट्ट्यांनी कथेत ३० दिवसांच्या मोलाची भर घातली का, एवढा एकच प्रश्न गटाने स्वतःला विचारावा. पात्र कैदी असेल तर उत्तर कदाचित 'होय' असे येईल, आणि मग पट्टे अवश्य काढावेत.

"पण संगणक आहे ना, सर?" असे येथे कोणीतरी म्हणतेच. आहे. क्रिटा, ब्लेंडर आणि २०१६ पासून ओपनटून्झ ही सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. पूर्वी सेलच्या पाठीमागून ब्रशाने रंग भरावा लागे, तो आता एका टिचकीसरशी भरतो. यामुळे १५ मिनिटांची १० होतील. परंतु म्हाताऱ्याने मान वळविताना आधी डोळे वळवावेत की खांदा, हे संगणक सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवावे लागते, आणि वेळ जातो तो त्यातच.

विद्यार्थ्याच्या चित्रपटाचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण इंग्लंडमधले आहे. निक पार्क या विद्यार्थ्याने तेथील नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये १९८२ साली आपला पदवीचा चित्रपट सुरू केला. नाव 'अ ग्रँड डे आउट'. मातीसारख्या प्लास्टिसिनच्या बाहुल्या, चौकटीगणिक किंचित हलवून छायाचित्रित करावयाच्या. घरातले चीज संपले म्हणून वॉलेस नावाचा एक सरळमार्गी गृहस्थ आपल्या ग्रोमिट नावाच्या कुत्र्याला घेऊन चंद्रावर जातो, कारण चंद्र चीजचा असतो अशी तिकडची बालसमजूत. एवढीशी कथा. चित्रपट पूर्ण झाला १९८९ साली. सात वर्षे! मधल्या काळात, १९८५ साली, ब्रिस्टलच्या आर्डमन या संस्थेने पार्कला कामावर घेतले आणि चित्रपट पुरा करावयास साहाय्य केले. नाहीतर आपण तो बहुधा पाहिलाही नसता.

या सात वर्षांत जे जे गळाले त्यातून ही पात्रे घडली, म्हणून मी हे उदाहरण वर्गात पुनःपुन्हा देतो. ग्रोमिट आधी मांजर होता. प्लास्टिसिनमध्ये मांजरापेक्षा कुत्रा घडविणे सोपे पडते असे ध्यानात आल्यावर तो कुत्रा झाला. त्याने बोलावे असे योजिले होते. पण आरंभीच्या एका दृश्यात वॉलेस दरवाजा कापीत असतो आणि ग्रोमिटचा उपयोग सुताराच्या घोडीसारखा केलेला असतो. अशा अडचणीच्या जागी बाहुलीचे तोंड हलविणे दुरापास्त. पार्कने केवळ डोळ्यांवरचा कपाळाचा भाग थोडा वर-खाली केला, आणि त्याला दिसले की एवढ्यानेच सगळे काही सांगून झाले आहे. तोंडच काढून टाकले. आज जगभर ज्याला ओळखतात तो तोंड नसलेला, मालकाच्या खुळेपणाकडे भिवयीविना भिवई उंचावून पाहणारा ग्रोमिट कामाच्या अडचणीतून असा उत्पन्न झाला.

वॉलेसची गोष्ट उलट दिशेची आहे. त्याला पीटर सॅलिस या नटाने आवाज दिला. आवाज आधी मुद्रित झाला आणि सॅलिस 'चीज' हा शब्द ज्या लांबट पद्धतीने उच्चारीत त्यावरून वॉलेसचे ते कानापर्यंत रुंदावणारे तोंड सुचले. म्हणजे एका पात्राचे तोंड आवाजाने दिले आणि दुसऱ्याचे वेळेने काढून घेतले.

आणि चंद्रावर? चंद्रावर आधी पुष्कळ मंडळी असावयाची होती. परग्रहवासी, खाद्यपदार्थांचे दुकान, वॉलेसला तुरुंगवास, ग्रोमिटने केलेली सुटका. त्या प्रसंगाला आणखी नऊ वर्षे लागतील असे कोणीतरी पार्कला सांगितले, तेव्हा हे सारे काढून टाकले गेले. उरले चाकांवर फिरणारे एक कुकरसारखे यंत्र, एकटे, चंद्राची राखण करणारे. तो एकटेपणा आज चित्रपटाचा प्राण वाटतो. चित्रपट २३ मिनिटांचा झाला, त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि त्याचा पराभव केला तो पार्कच्याच दुसऱ्या चित्रपटाने, 'क्रीचर कम्फर्ट्स'ने.

आपल्या विद्यार्थ्यांजवळ सात वर्षे नसतात. म्हणून ज्या गोष्टी पार्कला सात वर्षांत कळल्या त्या आपण पहिल्या सात दिवसांत कागदावर करून पाहाव्यात. एका गटाबरोबर मी हे कसे केले ते सांगतो.

या गटात तीन मुली आणि एक मुलगा होता. कथा त्यांपैकी एकीच्या घरची. तिचे आजोबा छत्र्या दुरुस्त करीत. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस आणि पावसाचे दोन महिने, असा त्यांचा हंगाम. एरवी कुलपे आणि बॅगा. ते निवर्तल्यावर त्यांचे एकही छायाचित्र कामावर बसलेले असे घरात नव्हते. लग्नातले होते, आधारकार्डावरचे होते. तिला चित्रपट करावयाचा होता तो यासाठी. हे तिने वर्गात सांगितले नाही, नंतर एकदा बोलता बोलता मला सांगितले. आणि तेव्हापासून हा चित्रपट अपुरा राहता कामा नये असे मीही मनाशी धरले.

पहिल्या आराखड्यात अकरा पात्रे होती. बाजार, भाजीवाल्या, पोलीस, एक बैल, पूर. म्हातारा फाटक्या कपड्यांत, वाकलेला, डोळ्यांत पाणी. मी काही बोललो नाही. आपल्या महाविद्यालयाजवळच्या मंडईत एक छत्रीवाले बसतात, त्यांच्यापाशी दोन दुपारी जाऊन बसा आणि फक्त हात रेखाटा, एवढेच सांगितले.

दोन दुपारींनंतर जे आले ते पाहून मला आनंद झाला. पहिली गोष्ट, ते गृहस्थ फाटके नव्हते. सदरा इस्त्रीचा, खिशाला पेन. दुसरी गोष्ट, काम करताना ते जमिनीवर बसतात आणि उघडी छत्री मांडीवर पालथी असते, त्यामुळे कमरेखालचे शरीर दिसतच नाही. तिसरी गोष्ट, दोरा ते दातांत धरतात. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : दुरुस्तीला आलेली छत्री ते प्रथम उघडून आकाशाकडे धरतात आणि आतून पाहतात. जेथे जेथे भोक असेल तेथे तेथे उजेडाचा ठिपका दिसतो. काळ्या कापडात चांदण्यांसारखे ठिपके, आणि त्यांच्यावरून फिरणारे एक बोट.

हे चार निरीक्षण-बिंदू म्हणजेच त्या पात्राची रचना होती. पाय हलवावे लागणार नव्हते. कोणत्याही पात्राला चालविणे हे ॲनिमेशनमधले वेळखाऊ काम आहे आणि येथे ते सत्यानेच वाचविले होते. दोरा दातांत असल्यामुळे बोलणे बंद, म्हणून ओठांची हालचाल जुळविण्याचा प्रश्न मिटला. उरले हात, मान आणि डोळे. सारे कष्ट तेथे खर्च करता येणार होते. गरिबी दाखविण्यासाठी ठिगळे लावण्याची कल्पना मुलांनी आपण होऊनच सोडली. ठिगळ लागले ते छत्रीला.

मग कथा आटली. एक मुलगा आजोबांची जुनी छत्री घेऊन येतो. म्हातारा ती आकाशाकडे धरतो, ठिपके मोजतो, बोट फिरवितो आणि एका जुन्या ठिगळापाशी थांबतो. टाका त्याचाच आहे, कित्येक वर्षांपूर्वीचा. तो छत्री नीट करून देतो आणि पैसे घेत नाही. पात्रे दोन. पूर गेला, बैल गेला. (बैल फार छान काढला होता, हे नमूद केले पाहिजे. तो या अंकात अन्यत्र बोधचित्र म्हणून छापावा अशी माझी संपादकांना विनंती आहे.)

मुलाच्या पात्रासाठी चौघांनी मिळून चाळीसेक रेखाटने केली. निवड करताना मी एकच कसोटी लावावयास सांगतो : पात्र पूर्ण काळ्या रंगात भरून टाका, आतली एकही रेषा ठेवू नका, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहा. कोण आहे, काय करतो आहे, हे केवळ बाह्याकृतीवरून कळले पाहिजे. वारली चित्रांकडे पाहा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून धड होते, त्याला चार काड्यांचे हातपाय. तरी नाचणारा कोणता, दळणारी कोणती, ओझे वाहणारा कोणता, हे क्षणात ओळखू येते. आमच्या कसोटीला चाळीसपैकी तीन उतरली. त्यातून निवडला तो रेनकोटातला मुलगा. डोक्यावर टोपी, गुडघ्यापर्यंत घेर, म्हणजे सरळ एक त्रिकोण. म्हातारा आणि मांडीवरची छत्री मिळून अर्धवर्तुळ. दोघे एका चौकटीत आले की नजर गोंधळत नाही. रेनकोटाखाली मुलाचे फक्त गुडघ्याखालचे पाय हलतात. दोन पावलांची चाल २४ चौकटींत, म्हणजे १२ चित्रांत बसते. ती पुनःपुन्हा वापरून मुलगा आठ सेकंद चालतो. सुटी सुटी काढली असती तर ९६ चित्रे लागली असती. रेनकोटाचा आणखी एक फायदा : ज्याच्या अंगावर रेनकोट आहे तो छत्री दुरुस्तीला का आणतो? स्वतःसाठी नव्हे, हे न सांगता कळते.

केवळ आकृतीने पात्र पुरे होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. डिस्नेच्या १९३३ सालच्या 'थ्री लिट्ल पिग्ज'मध्ये तिन्ही डुकरे दिसावयास जवळजवळ सारखी आहेत, पण पहिली दोन बागडतात आणि तिसरे ठामपणे पावले टाकते. स्वभाव चालण्यातून कळतो. आमच्या गटाला मी विचारले, म्हातारा सुई ओवताना पहिल्या खेपेस ओवतो की तिसऱ्या? यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरले : पहिल्याच खेपेस, आणि न बघता. हात सवयीचे आहेत, डोळे मुलाकडे आहेत. तीन सेकंदांत म्हातारा कोण हे कळते.

चौघांनी काम वाटून घेतले आणि पहिल्या आठवड्याची चित्रे भिंतीवर लागली तेव्हा चार म्हातारे दिसले. एकाचे नाक पोपटासारखे, एकाचे बटाट्यासारखे. चार चुलतभाऊ म्हणावेत. मॉडेल शीट हा कागद यासाठी असतो. समोरून, तीन-चतुर्थांश, बाजूने आणि पाठीमागून असे चार उभे पवित्रे, डोक्याच्या मापाने उंची (म्हातारा बसून अडीच डोकी, मुलगा उभा तीन डोकी), हाताच्या सहा मुद्रा, चेहऱ्याचे पाच भाव. शिवाय, जे विद्यार्थी हटकून विसरतात ते : काय करावयाचे नाही याची चित्रे. नाक येथपासून सुरू करू नये, भिवया जुळू देऊ नयेत, इत्यादी. हा कागद प्रत्येकाच्या टेबलासमोर चिकटविला पाहिजे. आणि पक्की रेषा शक्यतो एकाच्याच हातची असावी. कच्ची चित्रे चौघांची चालतील. शेवटचा हात एक असावा, या मताचा मी आहे.

स्टोरीबोर्ड हा शब्द परदेशी आहे, डिस्नेच्या चित्रशाळेत १९३०च्या सुमारास ही रीत रूढ झाली आणि मघाचा डुकरांचा चित्रपट तिच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक मानतात. परंतु ज्याला ही रीत आपल्या मातीत पाहावयाची असेल त्याने सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जावे. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंत कथेतले प्रसंग कागदावर रंगवितात, एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि गात गात एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतात. एक चित्र किती वेळ धरावे हे गाण्यावर आणि समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर अवलंबून. स्टोरीबोर्डात नेमके हेच करावयाचे असते : प्रसंगाची चित्रे आणि प्रत्येकाचा काळ. त्याच मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्याही पाहण्यासारख्या आहेत. ज्या गटाला दोन हजार चित्रे काढणे झेपणार नाही त्याने अशा सांधे जोडलेल्या कागदी आकृत्यांचा चित्रपट करावा. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी १९२६ साली छायाकृती कातरून तासाभराहून मोठा चित्रपट केला होता. त्यात पात्र पुनःपुन्हा काढावे लागत नाही, सरकवावे लागते.

आमचा स्टोरीबोर्ड २२ शॉटचा झाला. चिकटकागदांवर काढून भिंतीवर लावला, म्हणजे उचलून इकडचा तिकडे करता येतो. प्रत्येक कागदाखाली सेकंद आणि त्याखाली, हे मी आग्रहाने लिहावयास लावतो, प्रत्यक्षात काढावयाच्या चित्रांची संख्या. ती बेरीज पाहून गट आश्चर्यचकित झाला. चित्रपट २ मिनिटे ४० सेकंदांचा, म्हणजे पूर्ण काढला तर १,९२० चित्रे. पण पुनरावृत्तीची चाल, पावसाच्या आठ चित्रांचे चक्र, केवळ हात हलणारे शॉट आणि स्थिर क्षण धरले तर संख्या निम्म्याहूनही खाली आली. विशेष म्हणजे सर्वांत स्वस्त शॉट कोणता निघाला? म्हाताऱ्याचे बोट जुन्या ठिगळावर येऊन थांबते तो. दोन सेकंद, ४८ चौकटी, एक चित्र. पावसाचा आवाजही तेथे बंद होतो. चित्रपटाचा सगळा भार ज्या क्षणावर आहे त्याला एकच चित्र लागले. मात्र ते एक चित्र त्या मुलीने नऊ दिवस काढले.

यानंतर ॲनिमॅटिक. स्टोरीबोर्डची चित्रे ठरलेल्या वेळाने एकापुढे एक लावून, खाली कच्चा आवाज जोडून तयार केलेला हा पेन्सिलीतला चित्रपट. ही पायरी वगळणारे गट डोळे मिटून विहिरीत उडी घेतात. आवाजासाठी फोन पुरतो : छत्री उघडल्याचा फटकारा, खटक्याचा टकटक, दोरा दाताने तोडल्याचा आवाज हे सर्व मंडईतच मुद्रित केले. ॲनिमॅटिक शिक्षकांना दाखवून उपयोग नाही, आम्हाला कथा आधीच माहीत असते. तो उपाहारगृहातल्या काकांना दाखविला. त्यांनी चहाचा ट्रे हातात तसाच धरून पाहिला आणि म्हणाले, "पैसे का नाही घेतले? मुलगा ओळखीचा होता काय?"

गट हिरमुसला, पण प्रश्न अमूल्य होता. टाका म्हाताऱ्याचाच आहे हे काकांना कळलेच नव्हते, कसे कळणार? त्याचा टाका कसा असतो हे आधी कोठेच दाखविलेले नव्हते. मग आरंभी सहा सेकंदांचा एक शॉट आला : म्हातारा दुसऱ्याच कोणाची छत्री शिवतो आहे, लाल दोरा, फुलीचा टाका. पुढे जुन्या ठिगळावर तीच फुली दिसते, लाल दोरा विटून गुलाबी झालेला. या दुरुस्तीला ॲनिमॅटिकमध्ये एक संध्याकाळ लागली. रंगविलेल्या चित्रपटात ही उणीव फेब्रुवारीत ध्यानात आली असती तर काय झाले असते, ते सांगावयास नको.

रंगांविषयी थोडक्यात. सहा रंग ठरविले : छत्रीचा काळा, पावसाचे दोन करडे, रेनकोटाचा पिवळा, कातडीचा तपकिरी आणि दोऱ्याचा लाल. लाल रंग दोऱ्याव्यतिरिक्त कोठेही वापरावयाचा नाही असा नियम केला, तो शेवटपर्यंत पाळला. दुकानाच्या पाट्या, पोस्टाची पेटीसुद्धा करडी. सभागृहातल्या प्रोजेक्टरवर काळे-करडे रंग एकमेकांत मिसळतात, म्हणून एक रंगविलेली चौकट पहिल्याच आठवड्यात तेथे लावून पाहावी.

फेब्रुवारीच्या अखेरीस चित्रपट तयार झाला, दोन शॉटची स्वच्छ रेषा तेवढी राहिली होती. मुलांनी तो फोनवर घेऊन मंडईतल्या छत्रीवाल्या काकांना दाखविला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला. बरे-वाईट काही बोलले नाहीत. फक्त त्या सहा सेकंदांच्या शॉटपाशी थांबवावयास लावले आणि म्हणाले, "गाठ बाहेरून दाखवली आहे तुम्ही. गाठ आतून मारायची असते. बाहेर ठेवली तर पाणी दोऱ्यावरनं आत उतरतं."

त्या शॉटची चौदा चित्रे त्याच रात्री पुन्हा काढली गेली.